जुना तारपा विकत घेताय? काय तपासायचं आणि किती पैसे द्यायचे

सेकंडहँड गिटार, की-बोर्ड किंवा कॅमेरा घ्यायचा असेल तर नेटवर शंभर लेख मिळतात. मॉडेल नंबर टाकला की नव्याची किंमत कळते, तीन वर्षं वापरला असेल तर किती कमी करायचे तेही कळतं. पण पोशेरा, जव्हार, मोखाडा भागातल्या एखाद्या घरातून जुना तारपा घ्यायचा म्हटलं तर हे काहीच मिळत नाही. मॉडेल नंबर नाही, एमआरपी नाही, वॉरंटी तर विसराच. त्यामुळे होतं काय, की एक तर शहरातला माणूस पाचशे रुपये टेकवून चांगलं वाजणारं वाद्य घेऊन जातो, नाहीतर प्रदर्शनातून हजारो रुपये मोजून न वाजणारी शोभेची वस्तू घरी आणतो. दोन्हीकडे कोणीतरी नाडला जातोच. म्हणून या लेखात तारपा आतून कसा चालतो, जुना तारपा कसा तपासायचा आणि रास्त किंमत कशी काढायची ते नीट पाहूया.

तारपा हा आपला बॅगपाइप का?

पर्यटकांना समजावताना बरेच जण 'आदिवासींचा बॅगपाइप' असं सांगून मोकळे होतात. अर्धं बरोबर आहे. दोन्हींत एक बंद पोकळी असते, त्या पोकळीत रीड म्हणजे थरथरणारी पातळ जीभ असते, आणि वाजवणाऱ्याचे ओठ त्या जिभेला लागत नाहीत. दोन्हींचा आवाज मध्ये न तुटता अखंड चालतो.

फरक मात्र मोठा आहे आणि किंमत ठरवताना तो कामाला येतो. बॅगपाइपची पिशवी मऊ असते. वाजवणारा ती हवेनं भरतो आणि काखेत दाबत राहतो, म्हणून तो श्वास घेतो तेव्हाही आवाज चालू राहतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत पिशवी म्हणजे कपॅसिटर. तारप्याचा भोपळा कडक, तो दाबता येत नाही. मग हवा साठते कुठे? तारपकऱ्याच्या गालात. गालातली हवा बाहेर ढकलत असतानाच तो नाकानं श्वास घेतो, आणि हे तासन् तास चालतं. म्हणजे इथे कपॅसिटर वाद्यात नाही, माणसात आहे. याचा सरळ अर्थ असा, की बॅगपाइपची पिशवी गळकी असेल तर वादक जोर लावून थोडा वेळ ढकलू शकतो, पण तारप्यात कुठे हवा गळत असेल तर वाजवणारा दोन मिनिटांत दमतो. तारप्यात गळती हा पहिल्या नंबरचा दोष.

तारप्याचे भाग साधेच असतात. वर वाळवलेला दुधी भोपळा, त्याला फुंकायचं भोक. भोपळ्याच्या खालच्या टोकात बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या, त्यांवर बोटांसाठी भोकं. नळ्यांची वरची टोकं भोपळ्याच्या आत जातात आणि तिथे बांबूच्याच दोन जिभल्या असतात. नळ्यांच्या खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांब कर्णा. सगळे सांधे मेणानं बंद केलेले. पुंगी डोळ्यांसमोर आणा, तिला लांब कर्णा लावा, म्हणजे अंदाज येईल. लांबी दोन-तीन फुटांपासून माणसाच्या उंचीपेक्षा जास्त असू शकते. डांग आणि नाशिककडची पावरी ही याच कुळातली.

जिभली म्हणजे बांबूच्या बारीक नळीला तिरका काप देऊन उचललेली पट्टी. एका बाजूनं नळीला जोडलेली, दुसऱ्या बाजूनं मोकळी. हवा आत शिरताना ती पट्टी सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करते. नळी एका बाजूनं जवळपास बंद धरली तर तिचा मूळ स्वर काढायचं शाळेतलं सूत्र लागू होतं: आवाजाचा वेग भागिले लांबीच्या चौपट. ४० सेंटिमीटरची नळी असेल तर ३४० भागिले १.६, म्हणजे साधारण २१२ हर्ट्झ. कर्णा जोडला, जिभली जड-हलकी झाली की आकडा सरकतो, त्यामुळे यावरून कोणाशी वाद घालू नका. पण नळी खालून तुटली आणि कोणी कापून सारखी केली असेल तर स्वर वर का चढला, हे यावरून कळतं.

दोन नळ्या आहेत म्हणून आणखी एक गोष्ट घडते. एक २०० हर्ट्झवर आणि दुसरी २०३ हर्ट्झवर वाजत असेल तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. थोडा हेलकावा असणं हा दोष नाही, तारप्याच्या आवाजातली जान तीच आहे. एक नळी मध्येच गप्प होत असेल किंवा हेलकावा घरघरीत बदलत असेल तर मात्र जिभली गेली असं समजा.

खरा तारपा की शोपीस?

वारली चित्रांमुळे तारपा जगभर पोचला. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि मध्ये तारपकरी व त्याच्याभोवती गोल फिरणारी माणसं हे चित्र तर आता बेडशीटवरही छापलं जातं. त्यानंतर थेट तारपावादनाला मान मिळाला: जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे नव्वदीतले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. अशी बातमी आली की चौकशी वाढते, आणि चौकशी वाढली की दिखाऊ माल वाढतो.

शोपीस ओळखणं अवघड नाही. फुंकून पाहा. आवाजच येत नसेल तर आत जिभल्याच नाहीत. विक्रेता म्हणाला की 'याला सवय लागते', तर त्याला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला वाजवून दाखवायला सांगा. सवय लागते हे खरंच आहे, अखंड वाजवायला महिने जातात; पण नुसता भोंग्यासारखा एक स्वर नवशिक्यालाही काढता येतो. दुसरी खूण म्हणजे बोटांची भोकं. वापरलेल्या तारप्याच्या भोकांच्या कडा गुळगुळीत, काळपट झालेल्या असतात. शोपीसमध्ये त्या ड्रिलनं पाडल्यासारख्या करकरीत दिसतात, कधी कधी आरपारही नसतात. तिसरी खूण रंग. भोपळ्यावर सुंदर वारली चित्र काढलेलं असेल तर चित्राचे वेगळे पैसे द्यायला हरकत नाही, पण रंगाखाली तडा लपतो हे लक्षात ठेवा.

शोपीस विकणं हा गुन्हा नाही, भिंतीवर लावायला कोणी घेतला तर घेऊ दे. त्याची किंमत वाद्याच्या भावानं लावू नये एवढंच.

हातात घेऊन तपासणी

सगळ्यात आधी भोपळा. बोटानं हलकी टिचकी मारा. धड भोपळा टणक, मोकळा आवाज देतो. तडा गेलेला फुटक्या माठासारखा बद्द वाजतो. मग अंधाऱ्या खोलीत जाऊन मोबाइलचा टॉर्च फुंकायच्या भोकाला लावा. बारीक चीर असेल तर प्रकाशाची रेघ दिसते. रेघ दिसली म्हणजे तारपा टाकाऊ झाला असं नाही, मेणानं चीर बुजवता येते. पण चीर नळ्या बसवलेल्या जागेपर्यंत गेली असेल तर वाजवताना दाबानं ती पुढे सरकणार.

मग गळती. याला कुठलंही उपकरण लागत नाही, एक उदबत्ती पुरते. एकानं तारपा सलग फुंकायचा आणि दुसऱ्यानं पेटती उदबत्ती सांध्याजवळून हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर जातोय तिथे सांधा ठीक. धूर फटकन बाजूला उडाला की तिथे हवा निसटतेय. भोपळा आणि नळ्यांचा जोड, दोन नळ्यांमधली खाच, आणि आधी दुरुस्त केलेली कुठलीही जागा, एवढं तरी तपासा. ताडाची पानं आणि आग यांच्यात अंतर ठेवा, हे सांगायची गरज नसावी.

सांधा कशानं बंद केलाय तेही पाहा. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे जरा ऊब दिली की सांधा उघडतो, जिभली बदलता येते आणि पुन्हा बंद करता येतो. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. काही जण घाईत सांध्यावर एम-सील थापतात. दिसायला पक्कं काम, गळतीही थांबते, पण जिभली बिघडली की भोपळा फोडल्याशिवाय आत जाता येत नाही. बॅटरी बदलता येत नाही असा फोन जसा, तसा हा तारपा. एम-सील दिसलं की मी तरी किंमत निम्म्याजवळ आणतो.

नळ्यांमध्ये कीड बघायची. बांबूला टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं पडलेली असतील आणि पांढऱ्या कागदावर नळी आपटल्यावर पिवळसर पीठ पडत असेल तर कीड जिवंत आहे. ती घरातल्या इतर बांबूच्या वस्तूंतही जाऊ शकते. छिद्रं जुनी आहेत, पीठ पडत नाही, असं असेल तर मेणानं बुजवून भागतं. जव्हार-मोखाड्यात धो धो पाऊस पडतो, त्यामुळे चार महिने ओल असतेच. ज्या घरात वाद्य चुलीच्या वर, धूर लागेल असं टांगलेलं असतं तिथे कीड आणि बुरशी कमी दिसते. म्हणून काळा पडलेला, धुराचा वास येणारा तारपा बघून नाक मुरडू नका. स्वच्छ, व्हार्निश मारलेल्या तारप्यापेक्षा मला तोच जास्त भरवशाचा वाटतो.

कर्णा शेवटी पाहिला तरी चालतो. ताडाचं पान फाटतंच, तो झिजणारा भाग आहे. आकार धरून असेल आणि नळ्यांशी जोड घट्ट असेल तर पुरे.

व्हिडिओवरून घेताना

पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून व्यवहार होतात तेव्हा हातात घेऊन बघता येत नाही. मग लोक व्हॉट्सॲप कॉलवर 'जरा वाजवून दाखवा' म्हणतात आणि आवाज ऐकून नाराज होतात. इथे एक तांत्रिक गोची आहे. फोन कॉलमध्ये आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर बोलणं ठेवतं आणि एकसारखा चालणारा आवाज पंखा किंवा गाडीचा आवाज समजून दाबतं. तारप्याचा आवाज म्हणजे नेमका एकसारखा, अखंड. त्यामुळे पहिले दोन सेकंद तो नीट येतो आणि मग खोल विहिरीत गेल्यासारखा होतो. दोष वाद्यात नाही, कॉलमध्ये आहे.

उपाय सोपा. विक्रेत्याला साध्या रेकॉर्डर ॲपवर किंवा कॅमेऱ्यावर किमान एक मिनिट सलग रेकॉर्ड करायला सांगा, फोन कर्ण्यापासून सहा-सात फूट लांब ठेवून. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर ती आणखी दाबली जात नाही. व्हिडिओत वाजवणाऱ्याचे गाल आणि बोटं दिसली पाहिजेत, म्हणजे आवाज दुसरीकडून चिकटवलेला नाही हे कळतं. फिजॉक्स नावाचं फुकट ॲप जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं बनवलंय, त्यात ध्वनीचा स्पेक्ट्रम पाहता येतो. दोन नळ्यांची दोन जवळजवळची टोकं तिथे दिसली आणि मिनिटभर जागेवर टिकली तर जिभल्या ठीक. टोकं घसरत असतील तर जिभली ओली झालीय किंवा सैल आहे. ओली असेल तर तासभर वाळवून पुन्हा ऐका, लगेच निकाल देऊ नका.

आता पैशाचं

बॅगपाइपच्या सेकंडहँड बाजारात एक चांगली शिस्त आहे: रीड आणि पिशवीला किंमतच धरत नाहीत. ते बदलायचंच असतं. किंमत लाकडाची. आफ्रिकन ब्लॅकवुडचा जुना स्कॉटिश सेट चार पिढ्या टिकतो, म्हणून त्याचा भाव वयाबरोबर उतरत नाही, कधी चढतोही. सियालकोट किंवा मेरठकडून येणारे शिसवीचे स्वस्त सेट मात्र पहिल्या खरेदीनंतर पटकन उतरतात. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं पाइप बँड ऐकून कोणाला बॅगपाइप घ्यायची हुक्की आली असेल तर एवढा एक नियम धरून चाला.

तारप्याला हा नियम अर्धाच लावता येतो. जिभल्या आणि कर्णा झिजणारे भाग, हे बरोबर. पण भोपळा आणि बांबू ब्लॅकवुडसारखे शतकभर टिकत नाहीत. म्हणून 'दीडशे वर्षं जुना तारपा' असं कोणी सांगितलं तर सावध व्हा. तो दावा बहुतेक खोटा असणार. आणि खरा असेल तर भानगड आणखी मोठी, कारण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

मग किंमत काढायची कशी? मी उलट्या बाजूनं जातो: आज हाच तारपा नवा करायचा झाला तर काय खर्च येईल, त्यातून दुरुस्ती वजा. नव्याचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसाचे दिवस. भोपळा वेलीवर जून होऊ द्यायचा, वाळवायचा, आतला गर-बिया काढायच्या. काही भोपळे सडतात, काही तडकतात. बांबू निवडून कापायचा, भोकं पाडायची, जिभल्या कापून स्वर जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा बसवायच्या. कॅलेंडरवर महिने जातात, पण हाताचं काम समजा पाच दिवसांचं धरलं. ही माझी धरलेली संख्या आहे, कारागिराला विचारून तुमची घाला.

दर काय लावायचा? महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाला २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरले होते. माती उचलायला ३१२, तर जिभलीचा स्वर जुळवायला तेवढेच? कुशल कामाला किमान दुप्पट धरू, ६२४. पाच दिवसांचे ३,१२०. मेण, ताडाची पानं, वाया गेलेले भोपळे मिळून ६००. म्हणजे नवा तारपा ३,७२० रुपये, आणि यात कारागिराचा नफा एक रुपयाही धरलेला नाही. हा तळ आहे, वरची मर्यादा नाही.

आता जुना. समजा भोपळा आणि नळ्या चांगल्या, एक जिभली गेलेली, कर्णा फाटलेला. दुरुस्तीला दीड दिवस, ९३६ रुपये, अधिक सामान २००. एकूण १,१३६ वजा केले की २,५८४ उरतात. वापराची झीज म्हणून नव्याच्या १५ टक्के, म्हणजे ५५८ काढा. उरले २,०२६. तर अशा तारप्याला दोन हजार रास्त. भोपळाच फुटलेला असेल तर तीन दिवसांचं काम आणि ६०० चं सामान मिळून २,४७२ जातात, हातात १,२४८ उरतात. तिथून झीज वजा करा आणि ती सुट्या भागांची किंमत समजा. उलट सगळं ठणठणीत असेल, गावात आजही वाजतोय, तर झीज बिज काही कापू नका. स्वर बसलेला तारपा नव्यापेक्षा सोयीचा असतो, कारण नव्याला जिभल्या बदलून बदलून स्थिर व्हायला वेळ लागतो.

'इतके पैसे कोण देतं, तिथे तर पाचशेत मिळतो' असं कोणीतरी म्हणेलच. मिळतो, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडाला, जेव्हा घरात बियाण्याला पैसे हवे असतात. पण पाचशे म्हणजे वरच्या हिशोबात पाऊण-एक दिवसाची मजुरी. त्या भावात विकत राहिलं तर पुढचा तारपा करायला कोणी बसणार नाही, आणि तुमची जिभली बिघडल्यावर दुरुस्त करायलाही कोणी नसेल. वाजवून दाखवायला किंवा शिकवायला तारपकऱ्याचा दिवस मोडत असेल तर त्याचेही पैसे वेगळे द्या, तारप्याच्या किमतीत ते 'ॲडजस्ट' करू नका.

खरेदीआधी एक प्रश्न जरूर विचारा: घरात किंवा पाड्यावर दुसरा तारपा आहे का? वारल्यांकडे तारपा नुसत्या करमणुकीचा नाही, त्याला मान असतो, आणि भातकापणीनंतरच्या नाचाला तोच लागतो. एकुलता एक असेल तर तो घेण्यापेक्षा त्याच माणसाला नवा करायची ऑर्डर द्या. थोडे पैसे आगाऊ द्या आणि पुढच्या भोपळ्यापर्यंत थांबा.

विकणाऱ्यांसाठी

आजोबांचा तारपा विकायचा असेल तर तो घासूनपुसून चकचकीत करू नका, ऑइल पेंट तर मुळीच नको. त्याऐवजी एका कागदावर लिहा: कोणी केला, कुठल्या गावात, साधारण कधी, जिभल्या शेवटच्या कधी बदलल्या. ही माहिती असलेला तारपा संग्रह करणारे आणि वाजवणारे दोघंही जास्त पैसे देऊन घेतात, कारण दुरुस्तीला कोणाकडे जायचं ते कळतं. भोपळ्याचं तोंड, नळ्यांचा जोड, कर्ण्याची आतली बाजू आणि जुन्या दुरुस्तीची जागा, असे चार फोटो उन्हात काढा. चीर असेल तर तिचा फोटो आधी टाका. नंतरची घासाघीस वाचते.

ऑनलाइन विकताना नेहमीचा सापळा इथेही आहे. 'मी मिलिटरीत आहे, बघायला येऊ शकत नाही, पूर्ण पैसे आत्ता टाकतो' म्हणत समोरचा क्यूआर कोड पाठवतो आणि स्कॅन करून पिन टाकायला लावतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. डोंगराआड रेंज जाते तेव्हा 'पैसे पाठवले, मेसेज येईल' यावरही वस्तू देऊ नका, खात्यात जमा झालेले दिसू द्या.

पाठवणी आणि ठेवण

कर्णा वेगळा करता येत असेल तर वेगळा पॅक करा. भोपळ्याभोवती कापड, मग पेंढा किंवा बबल रॅप, आणि खोका भोपळ्यापेक्षा चारही बाजूंनी तळहाताएवढा मोठा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवून नेऊ नका. मेण वितळलं नाही तरी बंद गाडीच्या उष्णतेनं मऊ पडतं आणि नळ्या जागच्या सरकतात. परदेशी पाठवायचा असेल तर सजावटीची मोरपिसं काढून ठेवा, त्यांची निर्यात बंद आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात वाळलेला भोपळा, बांबू, पानं हे सगळं कस्टम्सला आधी सांगावं लागतं, आणि कीड दिसली तर वस्तू प्रक्रियेला जाते किंवा नष्ट होते. वर सांगितलेली पांढऱ्या कागदाची चाचणी तिथे पाठवण्याआधी दोनदा करा.

घरी आणल्यावर वाजवून झालं की तोंडाची ओल सुकेपर्यंत तो उघड्यावर आडवा ठेवा, लगेच पिशवीत घालू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलात तर त्या दर दोन-तीन आठवड्यांनी बदला.